तलावाचा कडबा

काठावरच्या बाभळी तोडायचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा मीही हात वर केला होता. चार वर्षं झाली त्याला. गाळ काढायचं काम मंजूर झालेलं, पोकलेन येऊन उभा. काठावर चाळीसेक बाभळी, मधेमधे बेशरमीचं रान, करंजाची दोन झाडं. मशीन आत उतरायला वाट पाहिजे होती. शिवाय सगळ्यांचंच म्हणणं पडलं की एवीतेवी काम निघालंय, तर तलाव एकदाचा स्वच्छच करून टाकू. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून माझ्या मताला जरा वजन. पाला पाण्यात पडून सडतो, त्यानं पाणी नासतं, असं मी माइकवर बोललो. परीक्षेतल्या उत्तरासारखं, न अडखळता.

आठ दिवसांत काठ तासल्यासारखा झाला. संध्याकाळी भरावावर उभा होतो तर नाना आले. नाना म्हणजे आमच्या तलावावर मासे धरणाऱ्या भोई घरातले सगळ्यात थोरले. खाली बघत ते म्हणाले, "सर, हजामत केली की तुम्ही तलावाची."

"गाळ निघाला ना पण, नाना. पाणी वाढंल."

"पाणी वाढंल. पर आता ह्यानं खावं काय?"

"ह्यानं म्हणजे कुणी?"

"ह्यानं," त्यांनी हनुवटीनंच पाण्याकडं दाखवलं. "तलावानं."

मी हसलो. तलाव काय खाणार? तलावात अन्न तयार होतं ते उन्हावर. शेवाळ ऊन खातं, शेवाळाला पाण्यातले बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे, लहानांना मोठे. बावीस वर्षं मी हाच पिरॅमिड फळ्यावर काढत आलोय. त्यात बाभळीला जागाच नव्हती.

आमचा तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. बालाघाटाच्या पायथ्याला मराठवाड्यात असे कितीतरी पाझर तलाव त्या वर्षानं जन्माला घातले. खडी फोडायची, नाहीतर भरावावर माती टाकायची, आणि पोरांच्या हातावर सुकडी पडायची. माझ्या वडिलांनी ह्या भरावावर घमेली वाहिली. तलाव बांधला तो खालच्या विहिरींना पाझर लागावा म्हणून, माशांचा विचार कुणाच्या डोक्यात असायचं कारण नव्हतं. पण पुढं पाऊस झाला, तलाव भरला, आणि पहिली तीन-चार वर्षं मासा असा निघाला म्हणे की कधी मासा न शिजलेल्या घरांतही मरळ शिजली. नंतर ओसरला. नाना तेव्हा विशीतले. ते अजून सांगतात की तसा मासा परत बघितला नाही.

नवीन धरणात, नवीन तलावात पहिली काही वर्षं मासे उदंड येतात आणि मग उतरतात, हे जगभर दिसलेलं आहे. कारण पाण्यात नसतं, पाण्याखाली असतं. बुडालेल्या वावरातली धसकटं, बांधावरची हराळी, गोठ्यामागचे उकिरडे, झुडपं, हे सगळं एकदम पाण्यात सापडतं. ते कुजतं, त्यावर जिवाणू आणि बुरशी पोसतात, त्यांच्यावर किडे, किड्यांवर मासे. आमच्या तलावाची पहिली मेजवानी पाण्यात गेलेल्या आठ एकरांनी दिली होती. मी हे वर्गात शिकवलंही असेल. फक्त ती आठ एकरं आपल्याच गावची, हे डोक्यात आलं नव्हतं.

नानांचा प्रश्न काही दिवस खुपत राहिला, म्हणून जुनी पुस्तकं परत काढली. सरोवराकडं बंदिस्त घर म्हणून बघायची सवय फार जुनी आहे. अमेरिकेतल्या स्टीफन फोर्ब्सनं १८८७ मध्ये सरोवराला एक छोटं, स्वतःपुरतं जग म्हटलं, आणि ती कल्पना इतकी देखणी होती की ती सुटेना. १९४२ मध्ये रेमंड लिंडमनचा लेख आला, मिनेसोटातल्या एका दलदलीच्या तळ्यावरचा. ऊर्जा एका पायरीवरून दुसरीवर कशी चढते आणि वाटेत किती सांडते, ते त्यात मांडलेलं. आमचे पिरॅमिड तिथून आलेत. लिंडमन तिशीही न गाठता वारला, लेख छापून आलेला त्यानं पाहिला नाही. पण त्याच्या मूळ आकृतीकडं ह्या वेळी नीट बघितलं आणि चमकलो. आकृतीच्या मधोमध शेवाळ नाही, मासा नाही. मधोमध गाळ आहे. चहूबाजूंनी बाण त्याच्याकडं येतात आणि त्याच्याकडून निघतात. पुढं पाठ्यपुस्तकांनी आकृती सोपी केली तेव्हा तो मधला गाळ उडाला असावा. आम्ही तलावातून उडवला तसाच.

मग खरा प्रश्न असा, की माशाच्या अंगातला किती भाग तलावाच्या आतला आणि किती काठावरचा, हे ओळखायचं कसं? मासा कापून ते दिसत नाही. ह्याची एक झकास तोड काढली गेली. निसर्गात टिकून राहणारा कार्बन दोन प्रकारचा असतो, एक नेहमीचा हलका, दुसरा जरासा जड, विषारी नाही की किरणोत्सर्गी नाही. पेस, कोल, कार्पेंटर ह्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ पासून मिशिगनमधल्या छोट्या तळ्यांत हा जड कार्बन रोज थोडा थोडा, काही आठवडे विरघळवला. तळ्यांची नावं पीटर, पॉल आणि ट्यूसडे, म्हणजे चक्क मंगळवार. (आपल्याकडंही म्हसोबाचं तळं असतं, त्यामुळं हसायला नको.) पाण्यातल्या शेवाळानं तो जड कार्बन खाल्ला, त्याच्यावर शिक्का बसला. काठावरच्या झाडांना त्यातलं काही मिळालं नाही. मग पाण्यातले जीव धरून तपासायचे. शिक्का असला तर शेवाळाचं अन्न, नसला तर काठाचं.

२००४ मध्ये आकडे आले. पीटर आणि पॉल ह्या तळ्यांत तरंगणाऱ्या बारीक सेंद्रिय कणांतला ४० ते ५५ टक्के कार्बन जमिनीवरचा. आणि पाण्यातल्या प्राणी-प्लवकांच्या, म्हणजे माशांच्या पिल्लांचं पहिलं खाणं असलेल्या त्या बारीक जिवांच्या अंगातला, २२ ते ५० टक्के. तळ्यातल्या जिवाचं निम्म्यापर्यंत अंग झाडाचं असू शकतं! मी हा लेख रात्री वाचला आणि पहिल्यांदा आठवली ती ग्रामसभा.

पण म्हणून मी लगेच नानांच्या पाया पडायला गेलो नाही, कारण ह्या गोष्टीला दुसरी बाजू निघाली. दुसऱ्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की डाफ्निया नावाचा पाण्यातला बारीक जीव नुसत्या पाल्याच्या चुऱ्यावर ठेवला तर तगतो, पण वाढत नाही, पिल्लं नीट देत नाही. शेवाळावर मात्र फोफावतो. शेवाळात ओमेगा-३ जातीची काही स्निग्धाम्लं असतात, ती झाडांच्या पानांत नसतात, आणि प्राण्यांना ती स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत. मग पाल्याचा उपयोग काय? ह्यावर त्या मंडळींचे बरेच वाद झाले. आमच्या गोठ्यात बसलेल्या माणसाला मात्र ह्यात वाद घालण्यासारखं फारसं दिसत नाही. नुसत्या कडब्यावर म्हैस दूध देत नाही, पेंड लागते. पण म्हणून कुणी नुसती सरकी पेंड घालून म्हैस जगवतो का? पोट भरायला कडबा, दुधाला पेंड. काठावरून येतो तो कडबा, शेवाळ ही पेंड.

कडब्याची उपमा आणखी खोल जाते, म्हणून मला ती आवडते. म्हैस स्वतः कडबा पचवत नाही. तिच्या पोटातले जिवाणू पचवतात आणि ती त्या जिवाणूंवर जगते. तलावातही तसंच. बाभळीचं पान पाण्यात पडलं की पहिल्या दिवशी त्यातला विरघळणारा भाग निघून जातो, पाण्याला चहासारखा किंचित रंग येतो. ह्या विरघळलेल्या भागावर जिवाणू पोसतात, जिवाणूंना त्याहून बारीक एकपेशीय जीव खातात, आणि असं वरवर चढत ते अन्न माशापर्यंत येतं. उरलेल्या पानावर बुरशी चढते. कोरडं, चिवट, बेचव पान बुरशी मऊ करते, मग किडे ते कुरतडतात, आणि त्यांना खरं पोषण मिळतं ते पानापेक्षा पानावरच्या बुरशीतून. म्हणजे तलाव हेच एक मोठं चौपोटी जनावर. नाना "ह्यानं खावं काय" म्हणाले होते. एकवचनी, सजीव. मी हसलो होतो.

पेंड कमी पडते कधी? ऊन पोचत नाही तेव्हा. आम्ही पोरांना घेऊन तलावावर गेलो होतो. सेकी डिस्क करायची होती, इटलीतल्या सेकी नावाच्या पाद्र्यानं १८६५ मध्ये वापरलेली पांढरी तबकडी. ती दोरीनं सोडायची, दिसेनाशी होते ती खोली मोजायची. कॉलेजची हरवलेली, म्हणून पोरांनी घरच्या स्टीलच्या ताटलीला भोक पाडून काळा-पांढरा रंग मारला. श्रावण होता. ताटली पाण्यात गेली आणि वीतभरात गायब. "सर, बुडाली!" एक जण ओरडला. बुडाली नव्हती, दिसत नव्हती. आपल्याकडं पाण्याला रंग पाल्यापेक्षा काळ्या मातीचा जास्त. ती चिकण माती इतकी बारीक की दिवसचे दिवस खाली बसत नाही, तुरटी फिरवावी लागते. वर थंड देशांत तळी खरोखरच कोऱ्या चहासारखी तपकिरी असतात, जंगलातल्या ह्यूमसनं, म्हणजे पार कुजून गेलेल्या पाल्याच्या अंशानं. तिथं स्वीडनमधल्या तळ्यांच्या अभ्यासात दिसलं की पाणी जितकं गडद तितकं तळाचं शेवाळ कमी आणि मासेही कमी. म्हणजे तोच पाला एका हातानं खाऊ घालतो आणि दुसऱ्या हातानं दिवा मालवतो. हे प्रमाणाचं आहे, आणि प्रमाण प्रत्येक तलावाचं वेगळं.

प्रमाण चुकलं की काय होतं ते मी लहानपणी बघितलंय. मे भाजून गेला, तलाव तळाला टेकलेला, आणि मृगात एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस. ओढ्यानं उन्हाळाभराचं सगळं आणलं. शेणं, लेंड्या, पाचट, कुजका कडबा, बांधावरचं गवत. सकाळी आभाळ भरलेलं, आणि अख्ख्या तलावभर माशांची तोंडं वर. हवा पिताहेत असं वाटायचं. दुपारपर्यंत पांढरी पोटं. कुणीतरी विष कालवलं, अशी बोंब झाली, दोन घरांत भांडणं लागली ती पार पोळ्यापर्यंत पुरली. विष नव्हतं. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाच्या पाण्यात साडेसातच. गरम पाण्यात कुजणंही जोरात. एवढं सगळं खाणं एकदम पडलं, जिवाणूंनी ते खाताना रात्रीतून प्राणवायू संपवला, ढगांमुळं शेवाळाला नवा करता आला नाही. उपाशी जनावराला अचानक ओला चारा पोटभर घातला की ते फुगून मरतं, तसं. आणि साखर कारखान्याची मळी ओढ्यात सुटते तेव्हाही मासे असेच मरतात. तीही जमिनीवरचीच, सेंद्रियच. फक्त तिला कुणी बाभळीसारखं तोडून टाकत नाही.

आता नानांची बाजू. कॅनडात सडबरी नावाचं खाणींचं गाव आहे. निकेल-तांबं वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या धुरानं तिथली रानं उजाड झाली होती, पुढं धूर कमी झाला तशी हळूहळू परत आली, कुठं दाट, कुठं विरळ. तिथल्या डेझी लेक ह्या एकाच तळ्याला वेगवेगळे ओढे मिळतात, काही रानातून येणारे, काही बोडक्या जमिनीवरून. २०१४ मध्ये केंब्रिजच्या अँड्र्यू टॅनेन्झॅप आणि त्यांच्या सोबत्यांनी ओढ्यांच्या तोंडाशी वाढणारी पर्च माशाची पिल्लं तपासली. त्यांच्या अंगातलं किमान ३४ टक्के काठावरच्या झाडोऱ्यातून आलेलं, आणि दाट रानाच्या तोंडाशी हा आकडा ६६ पर्यंत. रानाच्या तोंडाशी वाढलेली पिल्लं अंगानंही थोराड. हजामत केलेल्या काठाची पिल्लं बारकी.

मी हे नानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं बी भोई हायत का?"

आमच्या तलावात गेल्या चार वर्षांत मासा घटला, हे खरं. बाभळी गेल्या म्हणूनच घटला असं लिहून द्यायला मी तयार नाही. मधे एक वर्ष पाऊस दडी मारून बसला, मासेमारीच्या ठेक्याची भानगड झाली, चिलापी (तिलापिया मासा) वाढली ती बाकीच्यांना जगू देत नाही. शिवाय वरच्या वावरांतून युरिया आणि डीएपी धुऊन येतं, त्यावर हिरवं शेवाळ फुगतं. मिशिगनच्या त्या प्रयोगातही एका तळ्यात खत घातलं तेव्हा शेवाळ वाढलं आणि काठावरच्या अन्नाचा वाटा घटला. त्यामुळं आमचा तलाव आता पेंडीवर जास्त, कडब्यावर कमी चालत असणार. ती पेंड चांगली आहे असंही नाही, त्यातलं बरंचसं शेवाळ मासे तोंडाला लावत नाहीत. पण काठ बोडका झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात झिंगे दिसेनासे झाले. झिंगे तळातलं कुजकं खाऊन जगतात. ती गोष्ट मला विसरता येत नाही.

ह्या सगळ्यात एक गंमत फक्त आपल्या भागातच सुचावी अशी आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, हराळी ही झाडं हवेतला कार्बन ज्या रीतीनं घेतात, तिच्यामुळं त्यांच्या अंगात जड कार्बन जरा जास्त येतो. कापूस, तूर, सोयाबीन, बाभूळ ह्यांच्यात कमी. म्हणजे मिशिगनच्या लोकांना जो शिक्का विकत घेऊन तळ्यात ओतावा लागला, तो आपल्या शिवारानं फुकट मारून ठेवलाय. तलावाच्या तळाचा गाळ थरथर काढला तर कुठल्या थरापर्यंत शिवार ज्वारीचं होतं आणि कुठून सोयाबीन सुरू झालं, हे वाचता यायला हवं. आमच्या शिवेपलीकडं, बुलढाण्यात, लोणारच्या तळाचा गाळ काढून जवळपास अकरा हजार वर्षांचा पाऊस-दुष्काळ शास्त्रज्ञांनी असाच वाचलाय. माझ्या आईच्या काळातला शाळू, माझ्या शाळेच्या वेळचा कापूस, भावाचं सोयाबीन, सगळं आमच्या तलावाच्या तळाशी ओळीनं लिहिलेलं होतं. आम्ही ते बाड पोकलेननं उपसलं, ट्रॉल्या भरल्या आणि वावरात पसरलं.

त्याबद्दल मात्र मला वाईट वाटत नाही. सहा ट्रॉल्या आमच्याही रानात पडल्या आणि त्या वर्षी हरभरा बघत राहावा असा आला. शिवारातूनच वाहून गेलेलं होतं ते, परत आलं. सरकारनं २०१७ मध्ये ह्याच देवघेवीची योजना केली, गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार, पण पाणी उतरलं की तलावाच्या पोटात गाळपेर करणारे हा हिशोब आधीपासून जाणतात. पैठणला नाथसागराचं पाणी मागं सरकतं तसं त्यामागून पीक जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचीच धसकटं पाण्याखाली जाऊन माशांना मिळतात. जगाचा हिशोब मांडणाऱ्यांनी २००७ मध्ये आकडा काढला होता की जमिनीवरून दरवर्षी नद्या-तळ्यांत सुमारे १९० कोटी टन कार्बन उतरतो आणि समुद्रापर्यंत त्यातला निम्म्याहून कमी पोचतो. बाकीचा वाटेत हवेत उडतो नाहीतर गाळात बसतो.

आणि तलाव नुसतं घेत नाही. कार्तिकात संध्याकाळी भरावावर उभं राहून बघा, डोक्यावर चिलटांसारख्या किड्यांचे खांब उभे असतात. चावत नाहीत ते. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात लाल धाग्यांसारख्या राहतात, कुजकं खाऊन मोठ्या होतात आणि पंख फुटले की वर निघतात. मग पाकोळ्या येतात, कोळी जाळी विणतात, वटवाघळं येतात. जपानच्या होक्काइडो बेटावर नाकानो आणि मुराकामी ह्यांनी हा हिशोब एका ओढ्यावर मांडला. माशांच्या वर्षभराच्या खाण्यात ४४ टक्के रानातून पडलेले किडे, आणि काठावरच्या पाखरांच्या खाण्यात जवळपास २६ टक्के ओढ्यातून उडालेले. नाकानोंचा त्याआधीच, २००० मध्ये, समुद्रात बोट उलटून मृत्यू झाला. लेख पुढच्या वर्षी आला. मी तो वाचला तेव्हा काठावर कोळ्याला जाळं बांधायला झुडूप उरलेलं नव्हतं.

झाडं लावली आहेत. करंज, लिंब, थोडी बाभूळ आपसूक उगवलीय. शेळ्या ठेवतील तेवढी वाढतील. पण नाना थांबणारे नव्हते. माघात पाणी उतरल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि वेड्या बाभळीच्या फांद्यांचा एक ढीग दाखवला. ठेक्यावरचे लोक रात्री चोरजाळी ओढली जाऊ नयेत म्हणून काटेरी फांद्या पाण्यात टाकतात, हे मला माहीत होतं. नाना म्हणाले, "चोराला काटा बसतो ते येगळं. पर मासा तिथंच का ऱ्हातो, ते बगा तुमी."

फांद्यांना दगड बांधून आम्ही त्या कमरभर पाण्यात सोडल्या. माझ्या पोटऱ्या फाटल्या, नानांच्या नाहीत. महिन्यानं जाऊन एक फांदी वर ओढली. सालीवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढलेला, त्याला गोगलगायींची पिल्लं चिकटलेली, फाट्याच्या बेचक्यात दोन झिंगे, आरपार दिसणारे, उड्या मारत. मी वहीत लिहायला लागलो. नानांनी अंगठ्यानं तो थर खरवडला, वास घेतला, फांदी परत पाण्यात सोडली आणि धोतराला हात पुसले.

"अजून दोन गाड्या लागतील," ते म्हणाले.